एका स्वयंपाकघरातले पाच दिवे

चीनला जाऊन आल्यापासून दवाखान्यात जो भेटेल तो एकच विचारतो, "सिस्टर, साप खाल्ला का?" कुणी झुरळांवर येतं, कुणी कुत्र्यावर. मी सगळ्यांना सांगते, खाल्ला, आणि तोंडी लावायला दोन विंचू घेतले. लोक खूश होऊन जातात. मी तिथं खरं काय खाल्लं आणि कुणी काय खाल्लं नाही, हे सांगायला चहाची एक सुट्टी पुरत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी हिंगोलीत नर्स आहे. माझा मुलगा सुमेध चीनमध्ये डॉक्टरकी शिकतो. आपल्याकडची बरीच पोरं अलीकडे तिकडं जातात. पहिलं वर्ष नीट गेलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला, "आई, मला परत यायचंय." काहून, विचारलं, तर म्हणाला, असंच. दुसऱ्यांदा विचारलं, तरी असंच. ज्या पोरानं दहावीत तापानं फणफणत पेपर दिले, तो असंच म्हणून डॉक्टरकी सोडत नसतो. आमच्या सात पिढ्यांत हा पहिला डॉक्टर होणार होता. तेव्हा ठरवलं, स्वतः जाऊन बघायचं. एक तर त्याला तिथं नीट बसवून यायचं, नाही तर सोबत घेऊन यायचं. आमचे हे म्हणाले, गुडघा दुखतो, तूच जा. दुखत होता तो गुडघा नव्हता, विमानाची भीती होती; पण पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं झाकून घ्यावं लागतं.

कनेरगाव नाका

सुमेधच्या खोलीत त्याच्यासोबत अभिजीत राहतो. तो वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्याचा, हळदीच्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा. दोघं हिंगोलीत एका वर्गात होते आणि एकाच विमानानं गेले. मी निघाले म्हटल्यावर त्याच्या आईचा, वत्सलाताईंचा, निरोप आला की पोराचं फराळाचं घेऊन जा.

गेले. ताईंनी स्टीलचा मोठा डबा भरून ठेवला होता: चिवडा, करंज्या, अनारसे. चहा दिला, प्लास्टिकच्या कपात. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "ह्यातलं सुमेधलाबी द्या बरं का, सिस्टर. दोघं भावासारखे राहून राहिले तिथं. आपल्या मुलखाचं माणूस संगं असलं म्हंजे घोर नसतो." मला बरं वाटलं. माझ्या पिशवीत ज्वारीचं पीठ, येसर आणि खारोड्या होत्या. दोन्ही घरचं सामान एकाच पिशवीत घालून मी मुंबईच्या गाडीत बसले.

तिआनजिन

विमानांचं सांगत नाही. सगळी विमानं सारखीच थंड असतात आणि सगळ्यांत तोच वाळका पाव मिळतो.

तिआनजिन हे बंदराचं शहर. समुद्र जरा लांब आहे, पण पूर्वी जहाजं नदीनं थेट गावात यायची. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बाहेरच्या देशांनी लढाया जिंकून इथं नदीकाठ वाटून घेतला. इंग्रजांचा एक मोहल्ला, फ्रेंचांचा एक, जपान्यांचा एक, इटलीवाल्यांचा एक. ज्यानं त्यानं आपापल्या देशासारखी घरं बांधली. आमच्या हिंगोलीतही इंग्रजांची छावणी होती, त्यामुळे जाड भिंतींची, उंच खिडक्यांची घरं मला नवी नाहीत. पण आमच्याकडं साहेब गेल्यावर त्या बंगल्यांत कचेऱ्या भरल्या. इथं माणसं भरली.

सुमेध राहतो ते घर एका इंग्रज व्यापाऱ्यानं आपल्या एका बायकोसाठी आणि दोन पोरांसाठी बांधलं होतं. आता त्यात सात कुटुंबं राहतात. जिन्याच्या पायऱ्या अर्ध्या कोबीनं भरलेल्या. थंडी सुरू व्हायच्या आधी इकडं प्रत्येक घर पोत्यानं कोबी घेऊन ठेवतं, आपण वर्षाचे गहू भरतो तसं. मला आधी वाटलं इथं भाजीवाला राहतो. सुमेध-अभिजीतची खोली म्हणजे साहेबाच्या झोपायच्या खोलीचा अर्धा तुकडा. छतावर मध्यभागी चुन्यात कोरलेलं मोठं फूल होतं, त्याच्या बरोब्बर मधून लाकडी भिंत गेलेली. अर्धं फूल पोरांच्या डोक्यावर, अर्धं पलीकडे घरमालकिणीच्या. तिला पोरं नायनाय म्हणतात. नायनाय म्हणजे आजी.

अभिजीतनं माझ्या हातातली बॅग काढून घेतली, पाया पडला, आपली गादी मला दिली आणि स्वतः जमिनीवर पथारी घातली. आईचा डबा पाहून त्याचे डोळे भरून आले. सुमेध मात्र वाळला होता. मी नाडी धरावी तसं त्याचं मनगट धरलं, तर त्यानं हळूच सोडवून घेतलं.

नळ

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कॉलेजात जायची तयारी करत होते. मी चहाचं पाणी आणायला खालच्या स्वयंपाकघरात गेले. ते चार घरांत मिळून एक. भिंतीला ओळीनं चार नळ आणि प्रत्येक नळावर पत्र्याचं डबडं बसवून त्याला कुलूप. एकाच नळाचं झाकण उघडं होतं. मी भांडं त्याखाली धरलं. तेवढ्यात एक बाई धावत आली. माझं भांडं तिनं बाजूला सारलं, झाकण लावलं, कुलूप घातलं आणि कोपऱ्यातल्या शेवटच्या नळाकडे बोट दाखवलं. तोंडानं काहीतरी बोलत होती. मला चिनी येत नाही, पण त्या बोटाची भाषा मला लहानपणापासून येते.

माझं माहेर शिरड शहापूर. आठ वर्षांची असताना मी विहिरीपाशी घागर खाली ठेवून उभी राहायची, कधी कुणी वरून पाणी घालील म्हणून. घागर भरली तरी मान वर करून बघायचं नाही, अशी आईची ताकीद होती. पुढं बाबासाहेबांच्या पुण्याईनं शिकले, नोकरीला लागले, पुढं हिंगोलीत घरात नळ आला. विहीर विसरले असं वाटत होतं. आणि एवढे समुद्र ओलांडून आल्यावर पुन्हा तेच बोट.

मी भांडं ओट्यावर आपटलं. सुमेध धावत खाली आला.

"ह्यांना कुणी सांगितलं?" मी विचारलं. "इथंबी कळलं का ह्यांना आपण कोण ते? म्हणून परत येतो म्हणून राहिलास का तू?"

सुमेध आधी बघतच राहिला. मग हसायला लागला. हसता हसता ओट्याला टेकला. त्या बाईला वाटलं आमच्यात काही गंमत झाली, तीही हसायला लागली.

"आई, हे बिलाचं आहे गं. प्रत्येक घराचा नळ वेगळा, मीटर वेगळं. त्या बाईलाबी नायनायच्या नळाला हात लावता येत नाही. कोपऱ्यातला नळ आपला आहे. आणि वर बघ."

वर बघितलं. छताला उघडे बल्ब लोंबत होते. प्रत्येकाची वायर आपापल्या खोलीत गेलेली, बटण खोलीत. जो स्वयंपाकाला येईल त्यानं आपला दिवा लावून यायचं. दुसऱ्याच्या उजेडात कांदा चिरायचा नाही. शेजारी शेजारी दोन बाया उभ्या राहिल्या तर दोन दिवे लागतात.

मला स्वतःचीच लाज वाटली, आणि खरं सांगते, आनंदही झाला. इतका की त्या बाईला मी करंजी नेऊन दिली. कंजूष लोक मला एरवी आवडत नाहीत, पण त्या दिवशी चिनी कंजूषपणाला मी मनातून हात जोडले. नुसते बिलाचे हिशेब, बाकी काही नाही.

वर जाताना सहज म्हणाले, "घरं चार अन् दिवे पाच काहून रे?"

सुमेधचं हसू तिथंच थांबलं. "असंल एखादा जास्तीचा," म्हणाला आणि पुढं निघून गेला.

नायनायचं ताट

नायनाय सत्तरी ओलांडलेली, बुटकी, हाताच्या सांध्यांना सूज. तिचा नवरा गोदीवर कामाला होता, तो वारला. मुलगा शहराबाहेर चौदाव्या मजल्यावर राहतो आणि रविवारी फोन करतो. पुढच्या वर्षी राजधानीत ऑलिम्पिक होतं, त्यामुळे सगळीकडं रंगरंगोटी चाललेली. ह्या घराच्या फाटकावरही पांढऱ्या रंगात एक अक्षर काढलं होतं, घर सोडा अशी ती सरकारी खूण. घर रिकामं करून, डागडुजी करून, तिथं हॉटेल होणार होतं. म्हातारीनं मुलाकडं जायचं आणि पोरांनी कॉलेजच्या वसतिगृहात.

मी तिच्या सांध्यांना शेक दिला, तेल लावून दिलं. मग काय, तिनं मला सोडलंच नाही. दुपारी बाजारात घेऊन जायची. भाव करताना तिची आणि माझी पद्धत एकच: आधी निघून जायचं सोंग करायचं.

तिच्या घरी जेवायची रीत मला पहिल्यांदा झेपली नाही. मध्ये ताटं ठेवतात आणि सगळे आपापल्या काड्यांनी त्यातूनच खातात. तीच काडी तोंडात, तीच ताटात. वर पाहुण्याचा मान म्हणून म्हातारी आपल्या काड्यांनी उचलून माझ्या वाटीत घालायची. उष्ट्याचा विचार मनात आला आणि लगेच गेला. माझ्या वाटीत कुणी परक्या माणसानं आपल्या ताटातलं असं घातल्याला किती वर्षं झाली होती, ते मला आठवेना.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अभिजीतनं डबा उघडला. आधी सुमेधला दिलं, मग मला, मग स्वतः घेतलं. देण्यात हात आखडला नाही, खोटं कशाला बोलू. मी ज्वारीच्या भाकरी टाकल्या आणि येसराची आमटी केली. घरभर वास सुटला. ताट वाढून अभिजीतला हाक मारली.

"काकू, पोट बिघडलं माझं," तो म्हणाला. "आज नको."

आदल्या दिवशी म्हणाला होता, शनिवार आहे म्हणून उपास. तेव्हा काही वाटलं नाही. दिवस परका, वार कोण मोजतं? पण तो दिवस गुरुवारचा होता, हे मला आता ताटापुढं बसल्यावर आठवलं. तरी मी नर्स. ओवा काढून दिला.

थोड्या वेळात नायनायनं भिंतीवर टकटक केली. तिनं आमच्या सणासाठी मोदकासारख्या उकडीच्या पुऱ्या केल्या होत्या, आत कोबी आणि डुकराचं मटण. आम्ही चौघं बसलो. अभिजीतनं पहिली उचलली, दुसरी, तिसरी. ताट रिकामं झालं तसं म्हातारीनं दुसरं आणलं.

"काकू, आईला सांगू नका हं," तो लाजून हसला. "डुकराचं आहे म्हणून."

मी त्याच्या पोटाकडे बघत होते, जे घटकाभरापूर्वी बिघडलेलं होतं.

तेवढ्यात नायनायनं सुमेधला काहीतरी विचारलं. त्यानं मान खाली घातली. तिनं माझ्याकडं बोट करून पुन्हा विचारलं.

"काय म्हणते?"

"काही नाही."

"सुमेध, काय म्हणते ते सांग."

तो एकेक शब्द मोजल्यासारखा बोलला. "म्हणते, एका गावची पोरं, एका खोलीत राहतात, मग चूल दोन काहून? म्हणते, आधी एकत्र शिजवायचे. मग वेगळं करायला लागले, तेव्हा तिला वाटलं विजेच्या बिलावरून भांडले. म्हणून तिनंच माझ्यासाठी वेगळा दिवा बसवून दिला. पण आई आल्यावर तरी मिटवून टाका म्हणते."

अभिजीतनं काड्या खाली ठेवल्या. त्याचे कान लाल झाले होते. वाईट पोरगं नाही ते, आणि मला त्याचाच जास्त राग आला. वाईट असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

पहिल्या सकाळी मी नळाला जात समजले होते. ह्या म्हातारीनं जातीला नळ समजून, मायेनं, पोराच्या डोक्यावर दिवा टांगला होता.

"सांग तिला," मी म्हणाले. "व्हय, बिलावरून भांडले."

सुमेधनं सांगितलं. म्हातारी दोघांना रागावली, आणि समेट म्हणून आपल्या काड्यांनी एकेक पुरी दोघांच्या वाटीत घातली. दोघांनी खाल्ली.

नदीकाठ

दुसऱ्या दिवशी मी सुमेधला नदीवर घेऊन गेले. बोचरं वारं होतं. म्हातारे लोक गळ टाकून बसले होते. जुनी जहाजं लागायची त्या दगडी धक्क्यावर आम्ही बसलो आणि तो एकदाचा बोलला.

पहिले सहा महिने दोघं मिळून शिजवायचे. सुमेधच्या हाताला चव, म्हणून तोच जास्त करायचा. मग एकदा फोनवर वत्सलाताईंनी पोराला विचारलं, स्वयंपाक कोण करतं? त्यानं सांगितलं. तिकडून काय उत्तर आलं ते सुमेधनं ऐकलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून अभिजीतनं आपला तवा वेगळा केला. म्हणाला, मला कमी तिखट लागतं.

"इथवर चाललं असतं," सुमेध म्हणाला. "इथं सगळ्यांचेच दिवे वेगळे. कुणाच्या ध्यानात येत नाही. पण आता हे घर सुटून राहिलं. वसतिगृहात आपल्या पोरांची मेस आहे. पाळीपाळीनं शिजवतात. मला आधीच निरोप आला, तू नुसता खात जा, पाळी लावू नको. हसत सांगितलं गं. एकदम दोस्तीत."

"मी बोलते त्या अभिजीतशी."

"तू बोलशील अन् निघून जाशील. मला ह्यांच्यातच चार वर्षं काढायचीत. पेपर, नोट्स, सगळं ह्यांच्यातच. चिनी लोक चांगले आहेत, पण ताप आला तर भाषा कुठून आणू?" मग म्हणाला, "तूच सांग, आई. राहू का येऊ?"

एवढ्यासाठीच मी आले होते. एक तर बसवायचं, नाही तर घेऊन जायचं. घेऊन गेले तर परत कुठं? त्याच मुलखात, जिथून हा दिवा आला होता. मी म्हणाले, "रहा." तो मान हलवून उठला. लेकराला त्या मेसमध्ये ढकलणारा तो दोन अक्षरांचा शब्द माझा होता. बरोबर होता की चूक, ते मला अजून ठाऊक नाही, आणि जो कुणी ठाऊक आहे म्हणतो त्याला स्वतःचं लेकरू तिथं पाठवावं लागलेलं नसतं.

डबा

निघायच्या आदल्या दिवशी अभिजीतनं आईचा डबा घासून पुसून दिला. नायनायनं तो हातातून काढून घेतला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, हे तिलाही ठाऊक. तिला त्या आईसाठी माहुआ करायचे होते, म्हणजे वेणीसारखा पीळ दिलेल्या, तीळ लावून तळलेल्या गोड काड्या. पण सांधे दुखत होते, पीठ मळवेना. मी पदर खोचला आणि मनगटापर्यंत हात घालून पीठ मळलं, काड्या वळल्या, पीळ दिला. तिनं फक्त तळलं.

तळता तळता ती सांगत होती आणि सुमेध मला सांगत होता. तिची आई ह्याच घरात साहेबाची पोरं सांभाळायला होती. मागच्या अरुंद जिन्यानं यायची. साहेबाचं बाळ तिच्या अंगाखांद्यावर वाढलं, पण तिची वाटी वेगळी, मागच्या दाराशी ठेवलेली. त्या घरातला कप तिनं कधी तोंडाला लावला नाही.

"मग ती वाटी कधी गेली?" मी विचारलं.

म्हातारीला प्रश्न विचित्र वाटला. साहेब जहाजात बसून गेले, म्हणाली, आणि वाटी घरात आली.

आमच्याकडं कुणी जहाजात बसून जाणार नव्हतं. आमचे साहेब कुठून आलेच नव्हते. हे तिला चिनीत सांग असं मी सुमेधला म्हटलं नाही. निघताना मी स्वयंपाकघरात डोकावले. पाचवा दिवा लागलेला होता, सुमेध त्याखाली माझ्यासाठी वाटेतल्या भाकरी टाकत होता.

पुन्हा कनेरगाव नाका

आठवड्यानं मी डबा द्यायला गेले. वत्सलाताई ओट्यावर बसल्या होत्या, सासूबाई शेजारी. पोरगं कसं आहे, वाळलं का, खातं का, सगळं विचारून झालं. चहा आला. त्या दोघींना कपबशीत, मला प्लास्टिकच्या कपात. पूर्वी आमच्यासाठी दांडी तुटलेला कप वळचणीला खोचलेला असायचा. आता प्लास्टिक निघालं आणि सगळ्यांचीच सोय झाली.

ताईंनी डब्याचं झाकण काढलं. तिळाचा वास आला. एक काडी उचलून त्यांनी उलटसुलट पाहिली, मग थांबल्या आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "हे तिकडचंच हाय नव्हं, सिस्टर? तुमी तर न्हाई ना केलं?"

माझ्या हातातला कप गरम चहानं मऊ पडला होता. सुमेध म्हणाला होता, चार वर्षं काढायचीत. मी माझ्या हातांकडं पाहिलं.

"न्हाई," मी म्हणाले. "तिथल्या चिनी बाईनं केलं."

ताईंनी काडी मोडून तोंडात टाकली. चावता चावता त्यांचा चेहरा खुलला. "आत्या, खाऊन बघा की. काय खुसखुशीत झालंय." सासूबाईंनी घेतलं, बोळक्या तोंडात घोळवलं. "चांगली माणसं दिसून राहिली," त्या म्हणाल्या. "आपण उगं नावं ठेवतो. हात बघा कसा हाय बाईचा." ताईंनी दुसरी काडी घेतली, मग तिसरी.

"घ्या की अजून," मी म्हणाले. "भरपूर हाय."